मेंढरापासून घोंगडीपर्यंत : लोंकरीच्या धंद्याची परिभाषा आणि जुने कागद

१. प्रास्ताविक

जुन्या वतनी कागदांचीं दप्तरें चाळणारास एक कलम वारंवार भेटतें. पाटील, देशमुख, देशपांडे यांच्या हक्कलाजिम्याच्या यादींत तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, आणि त्याच पंक्तीस धनगराकडून अगर सणगराकडून घोंगडी. कागद वाचणारा वंशावळ, निवाडा, शिक्का, मिती यांच्या शोधांत असतो. घोंगडीचें कलम तो सहज ओलांडून पुढें जातो. आमचेंहि पुष्कळ दिवस असेंच झालें. परंतु एक घोंगडी म्हणजे किती मेंढरांची लोंकर, किती माणसांचे हात आणि कोणकोणत्या कृती, हें ध्यानांत घेतल्यावांचून त्या हक्काचें वजन कळत नाहीं, असें आतां आमचें मत झालें आहे. प्रस्तुत लेखांत तो हिशेब मांडावयाचा आहे, आणि त्याच्या अनुषंगानें या धंद्यांतील शब्द एके ठिकाणीं नोंदावयाचे आहेत.

कागद टिकावा म्हणून आपण संग्राहक मंडळी पुष्कळ खटपट करतों. कागदांतील शब्दाचा अर्थ टिकावा म्हणून तितकी करीत नाहीं. लोंकरीच्या बाबतींत ही उणीव विशेष जाणवते. कारण या धंद्यांतील कसबी माणसें लिहिणारीं नव्हतीं, आणि लिहिणारीं माणसें या धंद्यांतील नव्हतीं.

२. प्राचीन आधार

लोंकरीचा हिशेब मांडण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कम्बल हा शब्द अथर्ववेदांत आला आहे. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायाच्या आरंभींच 'कम्बल' शब्दापासून 'कम्बल्य' अशी एक संज्ञा साधिली आहे, आणि काशिकावृत्तींत तिचा अर्थ शंभर पलें लोंकर असा दिला आहे. एका कांबळ्यास जेवढी लोंकर लागावयाची तेवढीचें तें माप, असा त्याचा उघड आशय. पलाचें वजन काळाप्रमाणें व प्रांताप्रमाणें बदलत असे. तरी कौटिल्याच्या मानाप्रमाणें तें सुमारें ३७ ग्रॅम धरिलें, तर शंभर पलें म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास लोंकर होते. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो उपयोगीं पडणार आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथील आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली. तींत गोअध्यक्षाच्या प्रकरणांत शेळ्यामेंढ्यांची लोंकर दर सहा महिन्यांनीं घ्यावी असें विधान आहे. सूत्राध्यक्षाच्या प्रकरणांत लोंकरीचें सूत निराधार व अपंग स्त्रियांकडून कांतवून घेण्याची व्यवस्था सांगितली आहे. कोशांत घेण्याच्या वस्तूंच्या प्रकरणांत पावसापासून रक्षण करणाऱ्या नेपाळी काळ्या कांबळ्याचा निर्देश आहे. वर्षांतून दोनदां कातरणी, बायकांच्या हातची कांतणी, आणि पावसाळी उपयोगाचें काळें कांबळें: या तिन्ही गोष्टी महाराष्ट्रांतील धनगरी धंद्यांत आपल्या पिढीपर्यंत चालत आल्या. एका बाजूस ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूस चालू कसब यांचा असा मेळ क्वचित् पाहावयास मिळतो.

३. मुलूख आणि माणसें

घोंगडीचा मुलूख पावसानें आंखून दिलेला आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस जो कमी पावसाचा पट्टा आहे, जेथें वर्षास सुमारें पांचसहाशें मिलिमीटर पाऊस पडतो, तो मेंढरांचा खरा देश. येथील मेंढरांस दख्खनी असें नांव असून लोणंद, संगमनेर, सोलापूर व कोल्हापूर अशा त्यांच्या स्थानिक जाती ओळखिल्या जातात. त्यांची लोंकर आंखूड, जाड व केसाळ असते. रंग बहुधा काळा, करडा किंवा मिश्र.

याच्या उलट समुद्राकांठचा प्रदेश. डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या बाजूस झरी नांवाचें गांव आहे. हा सारा वारली वस्तीचा मुलूख. नांवाप्रमाणेंच पाण्याचा; दीडदोन हजार मिलिमीटर पाऊस तिकडे सहज पडतो. अशा ओल्या हवेंत मेंढरांचे खूर कुजतात, पोटांत जंत होतात, आणि भिजलेली लोंकर अंगावर वाळत नाहीं. म्हणून तेथें लोंकरीचा वंशपरंपरेचा धंदा उभा राहिला नाहीं. तेथील शेतकरी पावसांत लावणी करतांना बांबूच्या कामट्यांचें व पानांचें इरलें पाठीवर घेतो. देशावरचा व मावळांतला कुणबी त्याच कामास घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतो. इरलें कोठें संपतें आणि खोळ कोठें सुरू होते, ही रेघ पावसाची आहे तशी धंद्याचीहि आहे. ज्या गांवच्या दप्तरांत घोंगडीचें कलम नाहीं, त्या गांवास तो हक्क माफ होता असें एकदम म्हणूं नये. तेथें मेंढरूंच नव्हतें, हेंहि कारण असूं शकतें.

मात्र ही रेघ सालभर सारखी राहत नाहीं. पाऊस सरला कीं देशावरचे कळप चाऱ्यासाठीं दूरदूर फिरतात, आणि कांहीं घाट उतरून कोंकणपट्टींतहि जातात. शेतांत मेंढरें बसवून लेंडीखत द्यावयाचें आणि त्याबद्दल धान्य किंवा रोख घ्यावयाचें, हा धनगराच्या पोटाचा एक मोठा आधार. कळपासह फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुक्कामास 'वाडा' म्हणतात. धनगराचा वाडा अमुक रानांत होता असें कागदांत आल्यास तेथें चिरेबंदी इमारत शोधूं नये.

धनगर हें एक नांव नसून अनेक पोटजातींचा समूह आहे. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनीं १९८० नंतरच्या दशकांत या समूहाच्या वांटणीचा अभ्यास करून दाखविलें कीं, निरनिराळ्या पोटजाती निरनिराळ्या हवामानाशीं व धंद्याशीं बांधलेल्या आहेत. कमी पावसाच्या माळावर मेंढरें राखणारे हटकर, डोंगरी पावसाळी भागांत म्हशी पाळणारे गवळी धनगर, खुंटांवर घोंगडी विणणारे खुटेकर, आणि विणकाम हाच मुख्य धंदा असलेले सणगर. अलुत्यांच्या कांहीं याद्यांतहि सणगराचें नांव येतें. तेव्हां लोंकर कळपापासून मागापर्यंत जातांना बहुधा एका पोटजातीच्या हातून दुसरीच्या हातीं जाते. कागदांत 'धनगर' व 'सणगर' हे शब्द वेगळे आले असतां ते एकच समजून वाचणें ही चूक आहे.

४. कृती आणि शब्द

आतां मूळ कृतीकडे वळूं. प्रत्येक पायरीचा शब्द आम्ही मुद्दाम देत आहों.

पहिली पायरी धुण्याची. कातरणीपूर्वी मेंढरें ओढ्यांत अगर नदींत घालून धुतात. अंगावरची माती, कुसळें व लेंड्या यानें बऱ्याच सुटतात. लोंकरींत मेंढराच्या कातडींतून पाझरणारा एक मेणचट स्निग्ध पदार्थ असतो. गिरणींत सोडा व साबण घालून ऊन पाण्यांत तो बहुतेक काढून टाकतात. धनगरी रीतींत नुसतें थंड पाणी असल्यामुळें तो अंशतः राहतो. घोंगडीस जो एक ओळखीचा वास येतो, आणि तिच्यावर पडलेलें पाणी प्रथम थेंबाथेंबांनीं ओघळतें, त्याचें एक कारण हेंच.

दुसरी पायरी कातरणी. मेंढराचे पाय धरून त्यास आडवें पाडतात आणि लोखंडी कातरीनें अंगालगत लोंकर कापतात. हें काम हातखंड्याचें आहे. कातडी कापली गेली तर जखमेंत किडे पडतात. कातरणी सामान्यतः वर्षांतून दोनदां होते. महिने मात्र प्रांताप्रमाणें आणि वाड्याच्या मुक्कामाप्रमाणें पुढेंमागें होतात. कोंकराची पहिली लोंकर ती 'जावळ'. लहान मुलाच्या पहिल्या केसांस जो शब्द, तोच येथें. ही सर्वांत मऊ असून जावळाच्या घोंगडीस नेहमींच अधिक मोल येतें. यादींत नुसती 'घोंगडी' व 'जावळाची घोंगडी' असा भेद दिसला तर तो किंमतीचा भेद आहे हें जाणावें.

तिसरी पायरी निवड. काळी, पांढरी, करडी, तांबूस असे ढीग वेगळे करतात; लांब व आंखूड केस वेगळे काढतात. घोंगडीस रंग देण्याचा प्रघात फारसा नाहीं. तिच्यावरील काळ्यापांढऱ्या पट्ट्या मेंढराच्याच अंगच्या रंगाच्या असतात. म्हणून कागदांतील 'काळी घोंगडी' हें रंगाऱ्याच्या कामाचें नव्हे, कळपाच्या जातीचें वर्णन होय.

चौथी पायरी पिंजणी. लोंकर हातानें विंचरून, काठीनें झोडून मोकळी करतात, आणि मग पिंजणीच्या कमानीवर पिंजतात. कमानीची तांत जनावराच्या आंतड्याची. तिच्या थरकापानें केस सुटे होतात आणि कचरा खालीं झडतो. पिंजलेल्या लोंकरीचे पेळू करतात.

येथेंच एक फांटा फुटतो. लोंकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. ओल, उष्णता व दाब मिळाला कीं ते एकमेकांत अडकतात. या गुणाचा उपयोग करून लोंकर न कांततां व न विणतां, थापून व दाबून जें जाड कांबळें करतात, तें 'बुरणूस'. घोंगडी विणलेली, बुरणूस जमविलेलें. दोन्ही शब्द एकाच यादींत आल्यास ती पुनरुक्ति नव्हे.

पांचवी पायरी कांतणी. पेळूंतून चरख्यावर किंवा टकळीवर सूत काढतात. हें काम मुख्यतः बायकांचें व म्हाताऱ्यांचें. ताण्याचें सूत बारीक व घट्ट पिळाचें, बाण्याचें जाड व सैल. एका विणकरास पुरेल इतकें सूत देण्यास अनेक हात सतत कांतीत राहावे लागतात. सबंध धंद्यांत वेळ सर्वांत अधिक खाते ती ही पायरी, आणि कागदांत जिचा उल्लेख सर्वांत कमी तीहि हीच.

सहावी पायरी ताणा व खळ. सूत लांबवर ताणून त्यास चिंचोक्यांची खळ कुंच्यानें लावतात आणि उन्हांत वाळवितात. चिंचोके भाजून, कुटून, शिजवून ही खळ होते. तिच्यामुळें केसाळ सूत गुळगुळीत होऊन मागावर तुटत नाहीं. नवी घोंगडी ताठ व खरखरीत लागते ती या खळीमुळें. वापरतां व धुतां धुतां ती मऊ होते.

सातवी पायरी विणणी. खुटेकर जमिनींत पुरलेल्या खुंटांवर ताणा ताणतात. सणगराचा खड्ड्यांतला माग असतो. घोंगडी गजांनीं नव्हे, हातांनीं मोजतात. शेवटीं कांठ बांधून, भिजवून व तुडवून तिला वापरायोग्य करतात. भिजलेली घोंगडी अतिशय जड होते आणि वाळावयास फार वेळ घेते. रेंगाळलेल्या कामास 'भिजत घोंगडें' म्हणतात तें कां, हें एकदां ती पिळून पाहणारास निराळें सांगावें लागत नाहीं.

५. हिशेब

दख्खनी मेंढराची वर्षाची लोंकर ठोकळमानानें अर्धा किलोच्या आसपास भरते. म्हणजे एका कातरणीस पाव किलो. साधारण घोंगडीचें वजन अडीच ते तीन किलो. धुण्यांत, निवडण्यांत व पिंजण्यांत जी घट येते ती धरिली, तर एका घोंगडीस सुमारें बारा ते पंधरा मेंढरांची एका कातरणीची लोंकर लागते. आतां पाणिनीचें कम्बल्य आठवावें. शंभर पलें, म्हणजे पावणेचार किलो कच्ची लोंकर, ही बरोबर पंधरा मेंढरांची एक कातरणी होते. प्राचीन माप कल्पनेचें नसून मागावरून घेतलेलें होतें, असें यावरून आम्ही समजतों.

हाच हिशेब घेऊन वतनी यादीकडे परत यावें. हक्काची म्हणून दिलेली एक घोंगडी म्हणजे लहान कळपाच्या सहा महिन्यांच्या लोंकरीचा मोठा वांटा, आणि त्यावर एका कुटुंबाचें अनेक दिवसांचें कांतणें व विणणें. तेल्याच्या पळीभर तेलाच्या शेजारीं लिहिली गेल्यामुळें ती हलकी दिसते इतकेंच.

शिवाय हें एकच देणें नव्हे. मराठेशाहीच्या करांत वनचराई आहे, शिंगशिंगोटी आहे, मोहतर्फा आहे. रानांत चारल्याबद्दल वनचराई; जनावरांवर शिंगशिंगोटी; धंदेवाईकाच्या मागावर मोहतर्फा; आणि शेवटीं तयार मालांतून वतनदाराची घोंगडी. लोंकर तीच, पण तिच्या वाटेवर निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळीं देणीं उभीं आहेत. दप्तरांत हीं कलमें एके ठिकाणीं येत नाहींत. चराईचा कागद एका रुमालांत, मोहतर्फ्याची यादी दुसऱ्यांत, हक्कलाजिम्याची तिसऱ्यांत. त्यांना जोडणारा दोरा कागदांत नाहीं. तो मेंढरापासून मागापर्यंतच्या कृतींत आहे. ज्यास कृती ठाऊक त्यासच हे तीन रुमाल एका धंद्याचे आहेत असें दिसेल. हा या लेखाचा मुख्य मुद्दा होय.

६. घोंगडीचा मान

लोंकरीचें स्थान केवळ बाजारांत नव्हतें. सोंवळ्यास वापरावयाची धाबळी लोंकरीची. लोंकरीस विटाळ नाहीं असें धर्मशास्त्र मानणाऱ्या घरांत समजत. माळावर फिरणाऱ्या धनगराच्या मेंढराचा केस अशा रीतीनें अत्यंत कडक सोंवळ्याच्या देवघरांत पोंचला. पोथ्यांच्या संग्राहकांपैकीं कित्येकांच्या वाडवडिलांनीं धाबळी नेसूनच पोथ्या वाचिल्या असतील. संतांच्या गाथांत कांबळ्याचीं व घोंगड्याचीं रूपकें आहेत. खंडोबाच्या जागरणांत व पंचांच्या बैठकींत घोंगडी अंथरली जाते. कोल्हापूर जिल्ह्यांतील पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेंत भंडारा, खारीक व खोबरें यांबरोबर लोंकरीचीहि उधळण होते. कच्ची लोंकर हीच तेथें देवाची वस्तु. गुंथर सोंथायमर यांनीं बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील आपला ग्रंथ १९७६ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध केला. धनगरांच्या तोंडच्या ओव्या व कथा हेहि इतिहासाचें साधन आहे, हें त्यानें दाखवून दिलें. होळकरांच्या तरवारीचा इतिहास आपण लिहिला. त्यांच्या समाजाच्या कातरीचा अजून लिहावयाचा आहे.

७. समारोप

गिरण्यांनीं या धंद्याचें मान बदललें. कानपूरची लोंकरीची गिरणी १८७६ सालीं निघाली. ठाण्यास रेमंडची गिरणी १९२५ सालीं सुरू झाली. झरी त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांतच होतें, पालघर जिल्हा २०१४ सालीं वेगळा झाला. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या एका टोंकास मेंढरूं पावसाळा काढूं शकत नाहीं, त्याच्याच दुसऱ्या टोंकास लोंकरीचें कापड निघूं लागलें. उंची कापडाच्या गिरणीस बारीक, लांब व रंग घेणारी पांढरी लोंकर लागते. मेरिनो मेंढराचा केस सुमारें वीस मायक्रॉन जाडीचा, दख्खनी केस त्याच्या दुपटीच्या घरांत. तेव्हां असल्या गिरणीचें आणि धनगराचें नातें फारसें जुळलें नाहीं. पुढें पानिपतास चिंध्यांपासून निघणारीं स्वस्त ब्लँकेटें आलीं, कृत्रिम धागा आला. आज पुष्कळ ठिकाणीं कातरणीची मजुरी लोंकरीच्या किंमतीहून अधिक होते, आणि कातरलेली लोंकर रानांत टाकून द्यावी लागते. मेंढरें मांसासाठीं राखलीं जातात, आणि त्यासाठीं कमी लोंकरीच्या जातींशीं त्यांचा संकर होत आहे. मागावर बसणारे हात थोडे राहिले आहेत. म्हसवडसारख्या घोंगडीबद्दल प्रसिद्ध गांवांचीं नांवें बाजारांत अजून ऐकूं येतात, एवढेंच समाधान.

आम्हांस धंद्याचें पुनरुज्जीवन सुचविण्याचा अधिकार नाहीं. आमचा अधिकार कागदांपुरता. त्या अधिकारानें तीन गोष्टींची विनंती संग्राहकांस करतों. पहिली, मोहतर्फ्याच्या, चराईच्या व बाजाराच्या किरकोळ याद्या रद्दी समजून टाकूं नयेत. ज्या रुमालांतून त्या निघाल्या त्याची नोंद त्यांजवर ठेवावी. दुसरी, लोंकर, माग, खळ, जावळ, बुरणूस यांसंबंधीं न उलगडणारा शब्द आढळल्यास कोश पाहण्यापूर्वी एखाद्या म्हाताऱ्या सणगरास किंवा कांतणाऱ्या बाईस विचारावा, आणि त्यांनीं सांगितलेला अर्थ गांव व तारखेसह टिपून ठेवावा. तिसरी, घरांत जुनी घोंगडी किंवा धाबळी असल्यास ती कोठली, कोणत्या लोंकरीची, किती हातांची, हें एका चिठ्ठीवर लिहून तिच्याबरोबर ठेवावें. असल्या वस्तूस शिलालेखाइतकाच जपण्याचा मान आहे.

पोथी आणखी शंभर वर्षें कपाटांत राहूं शकते. चिंचोक्याची खळ किती दाट हवी हें सांगणारी बाई तितकी वाट पाहूं शकत नाहीं. निदान हें घोंगडें तरी आपण भिजत ठेवूं नये.